अर्जातला बिबट्या



सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचं स्टेशन आहे. त्याचं अर्धं अंग महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध हद्दीची रेघ जाते. नवराबायको शेजारी बसली तरी एक जण या राज्यात आणि दुसरं त्या राज्यात. बाहेरगावचे पाहुणे तिथे हौसेनं फोटो काढून घेतात. मी खांडबाऱ्याचा. नवापूरहून गाडी नंदुरबारकडे निघाली की वाटेत आमचं गाव लागतं. लहानपणापासून पाहत आल्यामुळे त्या बाकाचं आम्हाला आता काही वाटत नाही. ती रेघ रेल्वेला कळते, एस. टी.च्या तिकिटाला कळते, दारूबंदीच्या पोलिसाला तर फारच चांगली कळते. बिबट्याला मात्र ती कळत नाही. उच्छलकडच्या टेकडीवरून तो आमच्या तालुक्यातल्या उसात उतरला, की त्याला पत्ता नसताना त्याचा कारभार पाहणारा अधिकारी बदलतो. गांधीनगरचे मुख्य वन्यजीव रक्षक जातात आणि नागपूरचे येतात.

वन्यप्राण्यांवर हुकूम कोणाचा, केंद्राचा की राज्याचा, यावर आज मला बोलायचं आहे. हा विषय एखाद्या वकिलाला द्यायचा तर कवीला कशाला, असं कोणी विचारील. त्याचं कारण सांगतो. माझ्या कविता वर्षाकाठी चार-पाच छापून येतात. अर्ज मात्र महिन्याला तीस-चाळीस लिहून होतात. बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे, मी मराठी घेऊन बी. ए. झालो आहे, आणि एवढ्या भांडवलावर आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं मला ‘बीए भाई’ म्हणतात. रेशनकार्ड, वारसनोंद, घरकुल असे अर्ज पूर्वीपासून होतेच. गेल्या काही वर्षांत त्यांत वन्यप्राण्यांची भर पडली आहे. आमच्या घरात ज्या जनावराचं नावही सहसा कोणी घेत नाही, त्या रानडुकरानं केलेल्या नुकसानीचे अर्ज मी किती लिहिले असतील, याचा हिशेब नाही. अम्मी असती तर म्हणाली असती, निदान हात धुऊन जेवायला बस.

अर्ज लिहिताना पहिली अडचण शब्दाची येते. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. ‘भाई, वाघानं बकरी नेली, तू कागद लिही,’ असं म्हणत माणूस येतो. मी ‘वाघ’ लिहिलं तर कचेरीत धावपळ उडेल, कारण वाघ म्हटला की राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, म्हणजे थेट दिल्ली आली. म्हणून मी ‘बिबट’ लिहितो. सांगणाऱ्याला ते पटत नाही. त्याच्या आज्यानं ज्याला शेंदूर लावला तो वाघदेव, आणि मी त्याचा वाघ कागदावर लहान करून टाकलेला असतो.

एका पाड्यावरची एक मावची समाजाची मावशी आहे, साठीच्या आसपासची. डोकाऱ्याचा आदिवासी सहकारी साखर कारखाना झाल्यापासून आमच्या भागात ऊस वाढला, आणि तिच्या झोपडीच्या तिन्ही बाजूंना आता ऊस आहे. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला उसासारखी जागा नाही. सावली, पाणी, आडोसा आणि वर्षभर कोणी आत येत नाही. मावशीच्या पाच बकऱ्यांपैकी एक रात्रीत गेली. नियम असा, की घटना घडल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. आता बिबट्यानं बकरी उचलून उसात नेली, तर हलवायचं नाही म्हणजे काय? ती तर त्यानंच हलवलेली. मढं नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून भरपाई नाही. आठ दिवसांनी दुसरी बकरी गेली. ती बकरी ईदला विकायची म्हणून तिनं राखली होती आणि गिऱ्हाईकही आमच्याच मोहल्ल्यातलं ठरलेलं होतं. या वेळी गळ्यातला घुंगरू सापडला, पंचनामा झाला, बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतलं जे कमी ते मिळेल असं तिला सांगण्यात आलं. ती म्हणाली, ‘पैसे राहू दे. माझा नातू अंगणात झोपतो. तो वाघ घेऊन जायला सांग.’

म्हणून मी पिंजऱ्याचा अर्ज लिहिला. वनरक्षक पोरगा भला होता. तो म्हणाला, ‘चाचा, पिंजरा माझ्या हातात असता तर मी खांद्यावर घेऊन आलो असतो. परवानगी वरून यायची.’ वरून म्हणजे कुठून, हे मी त्या वेळी नीट वाचून काढलं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा बिबट्याला पहिल्या अनुसूचीत ठेवतो, वाघ-हत्तींच्या पंगतीला. या कायद्याच्या भाषेत जनावराला पिंजऱ्यात पकडणं हीसुद्धा शिकारच. आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची ‘शिकार’ करू द्यायची तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी हवी, तीही तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल तरच. मारण्याची परवानगी तर त्याहून अवघड. पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, अशी त्या अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. तो अधिकारी नागपूरला. खांडबाऱ्याहून नागपूर जवळजवळ सहाशे किलोमीटर. कागद तिथे जायचा तो पायऱ्यापायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरीवर एक शिक्का.

कायद्यात अजून एक गंमत आहे. बिबट्या मेलेला सापडला तर तो राज्य सरकारची मालमत्ता. जिवंत आहे तोवर त्याला किती संरक्षण, हे दिल्लीनं केलेली अनुसूची ठरवणार. आणि त्यानं खाल्लेली बकरी तेवढी मावशीची.

ही वाटणी झाली कशी, ते थोडं मागं जाऊन पाहावं लागेल. राज्यघटना आली तेव्हा वन्य पशुपक्ष्यांचं संरक्षण हा विषय राज्यसूचीत होता. म्हणजे कायदा करायचा तो राज्यानं. त्या वेळच्या मुंबई राज्यानं १९५१ साली आपला वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा केला. खांडबारा आणि उच्छल तेव्हा एकाच राज्यात होते, त्यामुळे दोन्हीकडचं जनावर एकाच कायद्याखाली. १ मे १९६० रोजी रेघ पडली. पुढे वाघ झपाट्यानं संपत चालले तेव्हा दिल्लीला देशभर एक कायदा हवा होता, पण विषय राज्यांचा. अशा वेळी घटनेच्या २५२व्या कलमाची वाट आहे. राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती करायची, मग संसद कायदा करते. अकरा राज्यांनी असे ठराव केले आणि त्यांची नावं कायद्याच्या आरंभीच छापली गेली. त्या यादीत गुजरात आहे, महाराष्ट्र नाही. महाराष्ट्रानं हा कायदा नंतर स्वीकारला. म्हणजे काही काळ आमच्या स्टेशनाच्या त्या टोकाला दिल्लीचा कायदा आणि या टोकाला मुंबईचा, असंही झालं असणार. बाकावर बसून कोणी तितर मारलं असतं तर न्यायाधीशांना पट्टी घेऊन यावं लागलं असतं.

१९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिनं पाच विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले: शिक्षण, वनं, वन्य पशुपक्ष्यांचं संरक्षण, वजनमापं आणि न्यायदानाची व्यवस्था. समवर्ती म्हणजे दोघांनी कायदे करायचे, पण खटका उडाला तर दिल्लीचं वर. माझे वडील धान्याचे छोटे व्यापारी होते. त्यांचा तराजू आणि सातपुड्यातला बिबट्या एकाच दुरुस्तीनं दिल्लीच्या हाताखाली गेले, हे मला फार उशिरा कळलं. वडिलांना तर कधीच कळलं नाही. त्यांच्या मापांवर छाप मारायला येणारा निरीक्षक तोच राहिला आणि त्याचा चहाही तोच राहिला.

याच दुरुस्तीनं घटनेत आणखी दोन वाक्यं घातली. एक सांगतं की वनं आणि वन्यजीव यांचं रक्षण करण्याचा प्रयत्न शासनानं करावा. दुसरं नागरिकाला सांगतं की सजीवांविषयी भूतदया बाळगणं हे तुझं कर्तव्य आहे. म्हणजे एकाच कागदावर अधिकार वर गेला आणि कर्तव्य खाली आलं. कर्तव्याला माझी हरकत नाही. मावशीनंही ते पाळलं, तिनं ना विष घातलं, ना फास लावला. पण तिला विचारायचं कोणी, हे त्या कागदात नव्हतं.

मग दिल्ली आणि मुंबईची भांडणं सुरू झाली. रानडुकराचं उदाहरण घ्या. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि नीलगाईला, विदर्भात जिला रोही म्हणतात तिला, मारण्याचे परवाने देण्याची सोय महाराष्ट्रानं २०१५ साली केली. राज्याला तेवढा अधिकार कायद्यानंच आहे. पण एखाद्या जातीलाच ठरावीक भागापुरतं ‘उपद्रवी’ जाहीर करायचं, म्हणजे परवान्याशिवाय कोणीही मारावं, तर तो अधिकार फक्त केंद्राला आहे. केंद्रानं २०१५-१६मध्ये बिहारसाठी नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडसाठी रानडुक्कर, हिमाचलसाठी माकड असे आदेश काढले. त्यावर २०१६च्या जूनमध्ये केंद्राच्याच मंत्री मनेका गांधी केंद्राचेच पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीरपणे तुटून पडल्या. जावडेकरांचं म्हणणं, राज्यांनी मागणी केली म्हणून आम्ही परवानगी दिली. मनेकाबाईंचं म्हणणं, दिल्लीच राज्यांना पत्रं लिहून विचारते, कोणाला मारायचं ते सांगा. दोघं एकाच मंत्रिमंडळात होते. आमच्याकडच्या शेतकऱ्याला या वादाचा उपयोग शून्य. परवाना मिळाला तरी बंदूक कुठली? हातात गोफण आणि फटाके. केरळनं २०२२मध्ये रानडुकरं मारण्याबाबतचे अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांपर्यंत खाली आणले, आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये तर विधानसभेत केंद्राच्या कायद्यालाच राज्यापुरती दुरुस्ती मंजूर केली. अशी दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय चालत नाही. आपण बैलगाडा शर्यतीसाठी २०१७ साली हीच वाट धरली होती आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पण बैल घरचा असतो, गोठ्यातला असतो. त्याला विचारता येत नसलं तरी त्याच्या मालकाला विचारता येतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याची टी-१ वाघीण, जिला सगळा देश अवनी म्हणून ओळखू लागला, ती आठवत असेल. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. राज्याच्या वनाधिकाऱ्यांचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलं, आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती गोळीनं मेली. पाठीमागे दोन बछडे. मनेका गांधींनी राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर कारवाई मागितली. मुनगंटीवारांनी उलट त्यांच्या खात्याकडच्या कुपोषणाच्या प्रश्नाकडे बोट दाखवलं. दोघंही एकाच पक्षाचे. व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीत कारवाईतल्या त्रुटी निघाल्या. मला त्या सगळ्या गदारोळात एकच गोष्ट टोचली. महाराष्ट्रात कुपोषण म्हटलं की पहिल्या दोन-तीन जिल्ह्यांत आमच्या नंदुरबारचं नाव येतं. आमची लेकरं दिल्ली-मुंबईच्या वादात आली ती अशी, वाघिणीच्या प्रकरणातला उलट टोला म्हणून.

आणि मग २०२५. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या परिसरात बिबट्यानं तीन बळी घेतले, त्यांत दोन लेकरं. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. राज्य सरकारनं बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून काढण्याची मागणी केंद्राकडे नेली. जुन्नर भागातल्या माद्यांच्या प्रजननावर नियंत्रण आणायचा प्रयोग करायचा, तर त्यालाही दिल्लीचीच परवानगी लागली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जुन्नरचे आमदार बिबट्याचा वेष घालून आले. वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशेब मांडला, की माणूस दगावला तर पंचवीस लाख द्यावे लागतात, चार दगावले की एक कोटी. त्यापेक्षा कोटभराच्या शेळ्या जंगलात सोडलेल्या काय वाईट? मी दुकानात ही बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. मावशी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली होती. ती म्हणाली, ‘आम्ही तर कधीपासून सोडतो आहोत.’

माझं मत विचाराल तर ते तुम्हाला उलटसुलट वाटेल. बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून काढावं, असं मला वाटत नाही. मावशीचा अर्ज लिहूनही वाटत नाही. मारायचं की नाही हा निर्णय पेटलेल्या गाडीपासून आणि येणाऱ्या निवडणुकीपासून जितका लांब असेल तितका बरा. त्यासाठी दिल्ली लांब आहे हे चांगलंच आहे. राज्याच्या हाती सगळं दिलं की प्राणी राज्याच्या अभिमानाचा किंवा रागाचा होतो. गीरचे सिंह पाहा. एकाच जंगलात सगळे सिंह ठेवणं धोक्याचं, एखादी साथ आली तर वंश बुडेल, म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१३ रोजी दिला. कुनोत त्यांच्यासाठी आधीच चोवीस गावं उठवली होती, बहुतेक सहरिया आदिवासींची. गुजरातचे सिंह काही तिथे गेले नाहीत. शेवटी १७ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे नामिबियाहून चित्ते उतरले. सहरियांना ज्याच्यासाठी उठवलं तो आलाच नाही. दुसराच पाहुणा येऊन राहिला.

पण पिंजऱ्याचा, कॅमेऱ्याचा, पंचनाम्याचा, भरपाईचा निर्णय लांब असून काय मिळतं? त्यानं बिबट्याचंही भलं होत नाही. अर्ज फिरत राहतो तोवर लोकांचा राग वाढत राहतो, आणि एक दिवस कोणीतरी मेलेल्या बकरीत औषध भरतं. मग तो मेला की सरकारी मालमत्ता म्हणून नोंद होते.

हे इतकं अवघड आहे का? नाही. आम्ही ते उलटंही पाहिलेलं आहे. फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीत कोंबड्या मरू लागल्या. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आमच्या तालुक्यात झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं १८ फेब्रुवारीला निदान पक्कं केलं आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्या मारायला सुरुवातही झाली. पांढरे झगे, चष्मे, मुखवटे घातलेली माणसं गाड्यांतून उतरत होती. पोरं त्यांना चंद्रावर गेलेली माणसं म्हणायची. लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. कित्येकांचा धंदा बसला, त्याची कहाणी वेगळी आहे. मला सांगायचं आहे ते वर्तुळाचं. रोगाच्या जागेभोवती तीन किलोमीटरचं एक वर्तुळ काढलं, त्यात सगळे पक्षी मारायचे. दहा किलोमीटरचं दुसरं, त्यात नजर ठेवायची. त्या वर्तुळाला राज्य नव्हतं. तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या उच्छलमध्येही तेच काम चाललं होतं. नियम दिल्लीचा, प्रयोगशाळा दिल्लीची, हात दोन्ही राज्यांचे. कोणी विचारलं नाही, ही कोंबडी मुंबईची की गांधीनगरची.

साथ माणसांत पसरली असती म्हणून ती घाई होती, हे मला समजतं. पण घाई करता येते, एवढं तर त्यातून दिसलं. बिबट्यासाठी असं वर्तुळ कोणी काढत नाही. देशात बिबट्यांचा जो अंदाज २०२२च्या पाहणीवरून काढला त्यात महाराष्ट्राचे १९८५ आहेत. ती पाहणी मुख्यतः जंगलातली. उसात जन्मून उसातच वाढलेला आमचा बिबट्या त्या हिशेबात कुठे बसतो?

आता एका शब्दाकडे वळतो. कवी आहे म्हणून तेवढी मुभा द्यावी. अनुसूची. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. आमचा नवापूर तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, अनुसूचित क्षेत्र. मावशी अनुसूचित जमातीची. केंद्राचं काय आणि राज्याचं काय याच्या याद्या सातव्या अनुसूचीत. एकाच शब्दानं जनावर, जमीन, माणूस आणि सरकार असे चौघं बांधलेले. मी तेवढा कुठल्याच अनुसूचीत नाही, म्हणून लिहून द्यायला मोकळा.

पाचव्या अनुसूचीतल्या गावांसाठी १९९६चा पेसा कायदा आहे. त्यानंतर २००६चा वनहक्क कायदा आला. त्याचं पाचवं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. वनहक्क असलेल्या गावच्या ग्रामसभेला वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांचं रक्षण करण्याचा अधिकार ते कलम देतं. हा संसदेचाच कायदा आहे, म्हणजे दिल्लीनं स्वतःच्या हातानं हा अधिकार पाड्यावर पाठवला. केंद्र की राज्य असा वाद घालणाऱ्यांनी, मी वाचलेल्या बातम्यांत तरी, या तिसऱ्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. शेजारच्या साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. तिथल्या गावानं शेकडो एकर जंगल राखलं, नियम गावाचे आणि दंडही गावाचा. ते काम उभं करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. गावाला राखता येतं हे सरकारलाही ठाऊक आहे, इतकंच त्यावरून म्हणतो.

आणि आदिवासी भागात हे नवं कुठं आहे? वाघदेवाच्या लाकडी खांबावर वाघ कोरलेला असतो, नाग असतो, सूर्य-चंद्र असतात. वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा आणि सांगायचं, आमच्या गुरांना सांभाळ. त्यात भीती आहे, भक्ती आहे आणि सौदाही आहे. मी मूर्तिपूजा न करणाऱ्या घरातला माणूस. पण या सौद्यात दोन्ही बाजू समोरासमोर असतात, एवढं मला दिसतं.

मावशीच्या पाड्यानं मग ग्रामसभेत ठराव केला. लिहायला मी होतो, बोलायला ते. बकऱ्यांचे गोठे वरून झाकायचे, त्यासाठी जाळी ग्रामपंचायतीनं द्यावी. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकायच्या नाहीत, खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. कारण त्यांच्या वासानं कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. झोपड्यांना लागून ऊस लावायचा नाही, मधे मोकळा पट्टा सोडायचा. यावर ऊसवाले शेतकरी रागावले, तासभर भांडण झालं, आणि पट्टा वीस हातांवरून दहा हातांवर आला. उसाची तोड सुरू होण्याआधी पाड्याला कळवायचं. पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, आई येऊन नेते. जनावर दिसलं तर गर्दी करायची नाही, मोबाइलवर फोटो काढायला मागं धावायचं नाही; हे कलम तरुण पोरांनीच सुचवलं आणि तीच पोरं ते मोडणार, असं एक म्हातारा म्हणाला. शेवटी मागणी: तालुक्यात एक पिंजरा आणि चार कॅमेरे कायम ठेवावेत, आणि परवानगीचा होकार किंवा नकार एका दिवसात लेखी कळवावा. बिबट्याला मारण्याची परवानगी मागावी का, असंही एकानं विचारलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मावशी म्हणाली, मारायला नको, न्यायला सांग. ते तसं लिहिलं.

ठरावाच्या पाच प्रती काढल्या. चार वेगवेगळ्या कचेऱ्यांना गेल्या, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. पाचवी हद्दीपलीकडच्या एका गावाच्या सरपंचाला पाठवली. माझी बहीण सोनगढला दिलेली आहे. तिच्या मुलानं ठरावाचं गुजराती केलं. बिबट्याला तिकडे दीपडो म्हणतात. महिन्याभरानं त्या गावाचं उत्तर आलं. कचेऱ्यांच्या आधी आलं, एवढं नोंदवतो. त्यांच्याकडे त्या हिवाळ्यात दोन शेळ्या आणि एक वासरू गेलं होतं, पंचनामा फक्त वासराचा झाला होता. जाळीची आणि चुन्याची कलमं त्यांनाही हवी होती. खाली एक प्रश्न होता: हा दीपडो आणि तुमचा एकच का? त्यांच्या माणसांनी पाहिला त्याचा उजवा कान फाटलेला आहे. मी कागद घेऊन पाड्यावर गेलो आणि मावशीला विचारलं, कान कसा होता गं?

ती म्हणाली, ‘रात्री कान कोण पाहतो, भाई?’